सनदशीर लूट

इ. स. १७०८ च्या ऑगस्टात इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिस्टल बंदरातून 'ड्यूक' आणि 'डचेस' ही दोन जहाजे बाहेर पडली, तेव्हा एकावर तीस आणि दुसऱ्यावर सव्वीस तोफा होत्या, तळघरांत बारूद, खारवलेले मांस आणि कडक बिस्किटांची पिंपे रचलेली होती. परंतु या साऱ्या सामग्रीला ज्यामुळे अर्थ प्राप्त होत होता तो एक कागद होता, आणि तो कप्तानाच्या पेटीत जपून ठेवलेला होता. राणी ॲन हिचे पती व इंग्लंडच्या आरमाराचे सर्वाधिकारी प्रिन्स जॉर्ज यांच्या नावाने मिळालेली ती सनद होती. ती जवळ असेपर्यंत हे लोक शत्रूची व्यापारी जहाजे धरणारे राणीचे चाकर होते. ती गहाळ झाली, अगर तिच्या शब्दांबाहेर पाऊल पडले, तर त्याच कृत्याबद्दल लंडनला टेम्स नदीच्या काठी फासावर चढण्यास ते पात्र ठरले असते. कप्तान वुड्स रॉजर्स याच्या या पृथ्वीप्रदक्षिणेची आठवण जगाने एका निर्जन बेटावरून सोडविलेल्या खलाशासाठी ठेवली आहे. ती तशी ठेवण्यास माझी हरकत नाही; पण तीन वर्षांच्या या प्रवासाचा वृत्तांत वाचीत असता माझे मन वारंवार खिळले ते सह्या, ठराव, याद्या आणि वाटण्या यांवर. लेखणीच्या एका फटकाऱ्याने लूट न्याय्य कशी होते, आणि तीच लेखणी माणसाला मालाच्या रकान्यात कशी बसविते, हे इतक्या उघडपणे दाखविणारा दुसरा समुद्रवृत्तांत माझ्या पाहण्यात नाही.

स्पेनच्या गादीच्या वारशावरून त्या वेळी युरोपात युद्ध पेटले होते आणि इंग्लंड फ्रान्स व स्पेन यांच्याविरुद्ध उभे होते. सरकारी आरमाराला सगळे समुद्र राखणे शक्य नव्हते. म्हणून खाजगी सावकारांनी आपल्या खर्चाने जहाजे सजवावीत, माणसे भरावीत, शत्रूचा माल पकडावा आणि आरमारी न्यायालयाकडून तो रीतसर कबजात घ्यावा, असा जुना शिरस्ता होता. १७०८ मध्येच पार्लमेंटने अशा लुटीतील राजसत्तेचा हिस्सा सोडून देणारा कायदा केला, तेव्हा ब्रिस्टलच्या पेढ्यांना या धंद्याची चटक लागली यात नवल नाही. या मोहिमेच्या भागीदारांत शहरातील बडे व्यापारी व मानकरी होते. सर्वांत मोठा हिस्सा, ३,७२६ पौंडांचा, टॉमस गोल्डनी नावाच्या क्वेकर व्यापाऱ्याचा होता. शस्त्र हाती धरणे पाप मानणाऱ्या पंथाच्या या गृहस्थाने छप्पन्न तोफांच्या मोहिमेत सर्वांहून अधिक पैसा गुंतवावा, याचा उलगडा त्याच कागदात आहे. शस्त्र धरणारा हात आणि नफा घेणारा हात यांच्यामध्ये सनद, करारनामा आणि हिशेबाची वही यांचे एवढे अंतर पडले होते की, ब्रिस्टलला बसलेल्या माणसाच्या नाकाला बारुदीचा वास यावा कसा?

रॉजर्सचे वय तेव्हा तिशीच्या आत-बाहेर. त्याच्या हाताखालचा दुसरा अधिकारी डॉ. टॉमस डोव्हर हा पेशाने वैद्य होता. दर्यावर्दीपणाचा त्याला गंध नव्हता, पण मोहिमेत त्याचा पैसा असल्याने त्याला मान आणि मत दोन्ही होते. वाटाड्या म्हणून बरोबर घेतलेला विल्यम डॅम्पियर मात्र खरा अनुभवी; दोनदा पृथ्वीला वळसा घालून आलेला, १६९७ मध्ये आपले प्रवासवर्णन छापून नावाजलेला, आणि कप्तान म्हणून अपयशी ठरल्याने आता दुसऱ्याच्या हाताखाली निघालेला. आयर्लंडमधील कॉर्क बंदरात माणसांची भरती पुरी झाली तेव्हा दोन्ही जहाजांवर मिळून सव्वातीनशेहून अधिक असामी होत्या, आणि त्यांत शिंपी, कल्हईवाले, फेरीवाले, शेतमजूर, सारंगी वाजविणारे असे नाना पेशांचे लोक होते. सुमारे एक तृतीयांश तर परदेशी होते. अशा जमावाला आवरण्यासाठी रॉजर्सने नेहमीच्या दुप्पट अधिकारी घेतले. शिवाय सर्व मोठे निर्णय अधिकाऱ्यांच्या मंडळात बहुमताने व्हावेत आणि प्रत्येक ठराव लिहून त्याखाली सह्या व्हाव्यात, असा भागीदारांचा लेखी हुकूमच होता.

या हुकुमाची कसोटी लागण्यास फार दिवस लागले नाहीत. सप्टेंबरात एका स्वीडिश जहाजाची झडती घेऊन, त्यावर शत्रूचा माल नाही असे दिसताच रॉजर्सने ते सोडून दिले, तेव्हा हाती आलेले सावज कप्तानाने का सोडले, म्हणून खलाशांनी बंड केले. पुढाऱ्यांना बेड्या घातल्या गेल्या, एकाला चाबकाचे फटके बसले, आणि बंड मोडले. पण रॉजर्सने ओळखले की, चाबकाने महिना निभेल, तीन वर्षे निभणार नाहीत. केप व्हर्द बेटांशी मुक्काम असताना लुटीची व्याख्या करणारा करारनामा तयार झाला. दोन तृतीयांश उत्पन्न भागीदारांचे आणि एक तृतीयांश जहाजावरील लोकांचे, हे मूळ ठरलेले होतेच. आता पकडलेल्या जहाजावरील कोणत्या वस्तू सामाईक माल समजाव्यात आणि कोणत्या जागच्या जागी वाटून घ्याव्यात याचीही कलमे पडली, आणि सगळ्यांनी त्याखाली सह्या केल्या. सही येत नसलेल्या माणसाने केलेली फुलीदेखील त्या जहाजावर बंधनकारक होती. कोणत्याही राज्याचा अंमल जिथे पोचत नाही अशा पाण्यावर शेकडो भुकेली, सशस्त्र माणसे एका कागदाला मानून राहिली, ही गोष्ट मला त्या मोहिमेतील प्रत्येक तोफेच्या गोळ्याहून अधिक विस्मयकारक वाटते.

ब्राझीलच्या किनाऱ्यावर विसावा घेऊन जहाजे दक्षिणेकडे वळली. केप हॉर्नची थंडी येण्यापूर्वी बरोबर आलेल्या शिंप्यांना घोंगड्यांचे कपडे बेतून शिवण्यास बसविण्यात आले; भरतीच्या वेळी ज्यांची संभावना निरुपयोगी म्हणून झाली होती त्यांच्या सुईने अनेकांचे प्राण राखले. १७०९ च्या जानेवारीत जवळजवळ ६२ अक्षांशांपर्यंत खाली जाऊन ती प्रशांत महासागरात शिरली, तोपर्यंत स्कर्व्हीने बऱ्याच जणांना अंथरुणाला खिळविले होते, आणि ताज्या भाजीपाल्यासाठी हुआन फर्नांदेस बेट गाठणे अपरिहार्य झाले होते. त्या बेटावर रात्री उजेड दिसला. फ्रेंच जहाजे असावीत या शंकेने सर्वजण युद्धाच्या तयारीने जागले. २ फेब्रुवारीस होडी किनाऱ्याला लागली तेव्हा बकऱ्यांची कातडी पांघरलेला एक माणूस सामोरा आला. अलेक्झांडर सेल्कर्क हा स्कॉटलंडचा खलाशी. चार वर्षे चार महिन्यांपूर्वी, आपले जहाज पुढचा प्रवास सोसणार नाही असे सांगून कप्तानाशी भांडला आणि बेटावर उतरला. त्याचे म्हणणे खरे ठरले: ते जहाज पुढे बुडाले, आणि वाचलेले लोक स्पॅनिशांच्या तुरुंगात पडले. झोपेत पाय कुरतडणाऱ्या उंदरांसाठी त्याने मांजरे माणसाळविली होती. बारूद संपल्यावर तो पळत जाऊन बकरी धरी, आणि जहाजावरील कुत्रा व चपळातले चपळ खलाशी यांनाही त्याने मागे टाकले. बोलण्याचा सराव इतका गेला होता की त्याचे शब्द अर्धवट बाहेर पडत. त्याच बेटावरच्या हिरव्या पाल्याने आजारी लोक बरे झाले, आणि सेल्कर्कला 'ड्यूक'वर अधिकारी नेमण्यात आले. दहा वर्षांनी, १७१९ मध्ये, डॅनियल डीफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो'ने या एकांतवासाला जे अमरत्व दिले ते सर्वश्रुत आहे. पण रॉजर्सच्या कहाणीत सेल्कर्क हा एक मुक्काम आहे. काही आठवड्यांत तोही इतरांप्रमाणे वाटणीच्या यादीतले एक नाव होऊन जातो.

पेरूच्या किनाऱ्यावर लहानमोठी व्यापारी जहाजे हाती लागू लागली. अशाच एका जहाजावरील चकमकीत रॉजर्सचा विशीतला धाकटा भाऊ डोक्यात गोळी लागून पडला. दुसऱ्या दिवशी प्रार्थना म्हणून त्याला समुद्रात सोडले, आणि रोजनिशी पुढे चालू राहिली. नंतर ग्वायाकिल शहरावर हल्ला झाला. खंडणीची बोलणी, ओलीस, अधिकाऱ्यांमधील मतभेद या सगळ्यांत मोलाचे दिवस गेले आणि तेवढ्यात नागरिकांनी पुष्कळसे धन आतल्या प्रदेशात हलविले. अखेर ३०,००० पेसोंची खंडणी ठरली. नदीवरच्या घरांत लपलेल्या स्त्रियांनी सोन्याच्या साखळ्या वस्त्रांखाली कमरेला बांधल्या होत्या. सेल्कर्क ज्या टोळीत होता तिने दुभाष्यामार्फत त्या सभ्यपणे मागून घेतल्या, आणि या सभ्यतेचा रॉजर्सला अभिमान वाटला. असभ्य वर्तन झाले नाही ही गोष्ट खरीच मोलाची आहे, कारण ज्यांनी सभ्यता पाळली नाही अशांची उदाहरणे त्या शतकात विपुल आहेत. परंतु शेजारी बंदूक उभी असताना केलेली विनंती ही विनंती उरत नाही, हे त्याला सुचले नाही. शहरात नुकतीच साथ होऊन गेली होती आणि ताज्या दफनांनी भरलेल्या चर्चमध्ये इंग्रज झोपले होते. परतल्यावर दोन्ही जहाजांवरील सुमारे १८० माणसे तापाने आडवी झाली.

आता त्या वृत्तांताच्या ज्या भागाशी मला सर्वाधिक थांबावेसे वाटते त्याकडे येतो. पकडलेल्या स्पॅनिश जहाजांवर मैदा, कापड, साखर यांच्याबरोबर आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते, आणि ते इतर मालाप्रमाणेच याद्यांत उतरले. यांतील सुमारे पस्तीस धट्ट्याकट्ट्या पुरुषांना रॉजर्सने शस्त्रे दिली. मायकेल केंडल नावाच्या जमैकाच्या एका मुक्त कृष्णवर्णीयाला त्यांचा म्होरक्या नेमले, आणि स्पॅनिशांशी लढाल तर तुम्ही स्वतंत्र व्हाल, यापुढे स्वतःला इंग्रजच समजा, असे आश्वासन दिले. याच रॉजर्सने टाकामेस गावातील तरुण पाद्र्याला, व्यापारात मध्यस्थी केल्याबद्दल, एक तरुण गुलाम स्त्री भेट दिली. आणि पाद्र्याच्या नजरेची थट्टा करीत, तो धर्माज्ञा मोडील व चर्चच्या क्षमेने पाप धुऊन टाकील, असा विनोद आपल्या ग्रंथात नमूद केला. त्या स्त्रीचे नाव त्याने लिहिले नाही. पुढे प्रशांत महासागराच्या मध्यावर जहाजावरील एका गुलाम मुलीला मुलगा झाला; दुसरीला, ती मर्यादेने न राहिल्यास शिक्षा होईल, अशी सक्त ताकीद मिळाली, आणि 'डचेस'वरील एकीला त्याच अपराधाबद्दल फटके बसले. तिच्याशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाच्या शिक्षेचा उल्लेख तेथे नाही. एका हाताने स्वातंत्र्य देणे आणि दुसऱ्या हाताने माणूस नजराणा म्हणून देणे, या दोन कृत्यांत रॉजर्सला विसंगती वाटली नाही, कारण दोन्ही निर्णय मोहिमेच्या हिताचे होते. तो क्रूर माणूस नव्हता. आजारी खलाशांची काळजी घेणारा, कैद्यांशी उदारपणे वागणारा, जखमा मुकाट्याने सोसणारा असा तो पुरुष होता, आणि म्हणूनच ही पाने वाचताना मला अधिक दुःख होते: असल्या माणसालाही त्याच्या वहीने जे दाखविले नाही ते दिसले नाही.

प्रशांत ओलांडण्यापूर्वी अमेरिकेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडता हिंडता खलाशांनी आपले हिस्से जुगारात घालविण्यास आरंभ केला. १७०९ च्या नोव्हेंबरात त्यावरही एक करारनामा झाला: असली देणी रद्द समजावीत, आणि पुढे कोणी पैज लावू नये. तेव्हा दोन्ही जहाजे कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाशी, केप सान लुकासपाशी, मनिलाहून येणाऱ्या स्पॅनिश खजिन्याच्या वाटेवर दबा धरून होती. मनिला व अकापुल्को यांच्यामध्ये वर्षाला एक-दोन मोठी जहाजे ये-जा करीत. मनिलाला जाताना मेक्सिकोची चांदी, अकापुल्कोला येताना चीनचे रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले आणि हिंदुस्थानचे सुती कापड. बंगाल व कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरील मागांवर विणलेली छिटे आणि मलमल मनिलाच्या बाजारातून मेक्सिकोच्या बायकांच्या अंगावर जात असत. तेव्हा या सापळ्यात सापडणारा काही माल आपल्या विणकरांच्या हातचा होता, हे विसरू नये. १५८७ मध्ये टॉमस कॅव्हेंडिशने याच ठिकाणी असे जहाज पकडले होते, आणि ही कथा प्रत्येक इंग्रज खलाशाला मुखोद्गत होती.

शिधा संपत आला, मंडळ माघारीच्या विचारात पडले, आणि २१ डिसेंबरला शीड दिसले. दुसऱ्या दिवशी पहाटे 'एन्कार्नासिऑन' टप्प्यात आले, तेव्हा लढाईपूर्वी माणसांना देण्यास 'ड्यूक'वर दारूचा थेंब उरला नव्हता. म्हणून मोठ्या कढईत चॉकलेट उकळून सर्वांना पाजले, मग प्रार्थना सुरू झाली, आणि ती पुरी होण्याआधीच शत्रूचा पहिला गोळा आला. लढाई लवकर आटोपली. पण एक गोळी रॉजर्सच्या डाव्या गालातून शिरून वरचा जबडा फोडून गेली, दातांचे तुकडे डेकवर पडले. बोलता येईना, तेव्हा त्याने कागद मागवून हुकूम लिहून दिले. काही दिवसांनी त्याहून मोठे 'बेगोन्या' दिसले, आणि त्याच्या जाड फळ्यांपुढे इंग्रजांच्या लहान तोफा थिट्या पडल्या. रॉजर्सची टाच उडाली आणि ते जहाज सुटून गेले. जबड्यातील गोळी निघाली ती पुढे बटाव्हियाला पोचल्यावर.

पकडलेल्या जहाजाचा कप्तान कोण, या प्रश्नावर अधिकाऱ्यांत एवढा तंटा झाला की, समुद्राची माहिती नसलेल्या डोव्हरला कप्तान म्हणून मिरविण्याची मुभा आणि सुकाणू मात्र जाणत्यांच्या हाती, अशी लेखी तडजोड करावी लागली. मोजून दिलेल्या पाण्यावर प्रशांत ओलांडून मार्च १७१० मध्ये ग्वाम, जूनमध्ये बटाव्हिया, वर्षअखेरीस केप ऑफ गुड होप. तेथून डच ताफ्याच्या आश्रयाने स्कॉटलंडच्या उत्तरेकडून वळसा घालून हॉलंड, असा परतीचा मार्ग झाला. तेथे एक नवाच शत्रू उभा राहिला. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या एकाधिकाराच्या समुद्रांत ही जहाजे शिरली म्हणून जप्तीचा धाक घातला, आणि जुलैपासून शरदापर्यंत ती हॉलंडच्या किनाऱ्याशी अडकून पडली. १४ ऑक्टोबर १७११ रोजी ती टेम्समध्ये आली. लूट सुमारे १,४८,००० पौंडांची भरली. कंपनीला सहा हजारांहून अधिक पौंड देऊन गप्प करावे लागले. वकील, जकात, आणि कज्जेदलाल यांनी आपापला वाटा उचलला. खलाशांच्या फिर्यादी वर्षानुवर्षे चालल्या. रॉजर्सच्या पदरात सोळाशे पौंडांच्या आसपास रक्कम पडली, आणि जबडा, टाच व भाऊ गमावून तो अखेर दिवाळखोर ठरला. एकाच कागदाने लुटीला कायदेशीर केले, आणि त्याच कागदाच्या पोटातून निघालेल्या कागदांनी लुटणाऱ्यालाही लुटले.

या प्रवासाकडे आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरून पाहण्यास एक सबळ कारण आहे. १६९५ मध्ये इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने मक्केहून सुरतेस परतणाऱ्या मोगल बादशहाच्या 'गंज-इ-सवाई' जहाजावर यात्रेकरूंची अनन्वित विटंबना केली, आणि त्याबद्दल सुरतेच्या इंग्रजांना कैदेत पडावे लागले. विल्यम किड याच्याजवळ इंग्लंडच्या राजाची सनद होती. मलबारच्या किनाऱ्यावर पकडलेल्या जहाजावर फ्रेंच परवाने सापडल्याने ते शत्रूचे ठरते, असे त्याचे म्हणणे होते. खटल्याच्या वेळी ते परवाने न्यायालयापुढे आलेच नाहीत, आणि १७०१ मध्ये किडला फाशी झाली. पुढे दोन शतकांनी ते सरकारी दप्तरात सापडले. अशा काळात छत्रपती शाहूंकडून आरमाराची सरखेली मिळविलेले कान्होजी आंग्रे, आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे असा आग्रह धरीत होते. पोर्तुगीज दोनशे वर्षे हेच करीत आले होते. तरी मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रांत कान्होजींना चाचा हाच शब्द मिळाला.

१७१८ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी जुलैत वुड्स रॉजर्स राजाची माफी आणि गव्हर्नरपदाची सनद घेऊन बहामा बेटांवर उतरला, आणि डिसेंबरात त्याने नासाऊच्या किल्ल्यापाशी आठ चाच्यांना फासावर चढविले. त्यांतील बहुतेकांचा मागील धंदा हा रॉजर्सच्याच धंद्याचा बिनसनदी भाऊ होता. त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याच्या आरमाराने कान्होजींच्या खांदेरीवर हल्ला चढविला आणि मार खाऊन ते परतले. कान्होजींच्या गलबतांनीही परक्या व्यापाऱ्यांचा माल अडविला, माणसे कैदेत ठेवून त्यांची किंमत घेतली. हे मी लपवीत नाही, लपवू इच्छीत नाही. पण ते आपल्या राजाच्या सनदेने, आपल्या किनाऱ्यासमोर, आपल्या जकातीसाठी झाले. ब्रिस्टलचे भागीदार अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या, ज्यांनी त्यांचे काही बिघडविले नव्हते अशा ग्वायाकिलवासीयांकडून खंडणी घेऊन आले, आणि तो त्यांच्या देशात पराक्रम ठरला.

रॉजर्सने आपला ग्रंथ १७१२ मध्ये छापला. त्यात त्याने आपले ठराव, भांडणे, शिक्षा आणि लाजिरवाणे विनोदही जसेच्या तसे ठेवले, आणि या प्रामाणिकपणाबद्दल मी त्याचा ऋणी आहे. नाहीतर टाकामेसच्या त्या स्त्रीची एवढी तरी नोंद कोठे राहिली असती? मराठी वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे की, हा ग्रंथ त्यांनी अवश्य वाचावा, आणि वाचताना खांदेरी व विजयदुर्ग डोळ्यांपुढे ठेवावेत. रॉजर्सची सनद खरी मानायची तर कान्होजींची सनदही खरी मानली पाहिजे. आणि कान्होजींना चाचा म्हणणारी पुस्तके आपल्या शाळांत येतील, तर त्यांच्या लेखकांना ब्रिस्टलच्या त्या वहीचा जाब आपण विचारला पाहिजे.